खाऱ्या पाण्याच्या टाकीतील चिवट ब्रिसलवर्म : काढावेत की राहू द्यावेत?

खारेवारे :

माझ्या टाकीत सुमारे २५० लिटर पाणी आहे. तळाशी वाळूचा पातळ थर, त्यावर लाइव्ह रॉकची (सूक्ष्मजीवांनी भरलेल्या सच्छिद्र समुद्री दगडांची) रचना, खाली सम्प (पाणी शुद्ध करण्याची वेगळी टाकी) आणि सम्पमध्ये प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र) अशी नेहमीचीच मांडणी आहे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राहते आणि तापमान २६ अंश सेल्सियसवर स्थिर असते. क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, काही गोगलगायी, थोडे हर्मिट क्रॅब आणि बहुतांशी मऊ प्रवाळ व झोअँथिड (पुंजक्याने वाढणारे, प्रवाळांचे नातलग), इतकाच संसार आहे.

अलीकडे दिवे मालवल्यावर टॉर्च लावून पाहिले की दगडांच्या जवळजवळ प्रत्येक भेगेतून गुलाबी-तपकिरी रंगाचे, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर असलेले किडे, म्हणजे ब्रिसलवर्म, बाहेर आलेले दिसतात. बहुतेक बोटाएवढे असतात. परंतु एका रात्री त्याहून बरेच लांब असे काहीतरी मागच्या दगडावरून सरकताना दिसले आणि उजेड पडताच क्षणार्धात आत ओढले गेले. चिमट्याने पकडावे तर किडा मधोमध तुटतो, निम्मा चिमट्यात राहतो आणि निम्मा भेगेत नाहीसा होतो. त्यातच परवा एक मोठी गोगलगाय मेलेली आढळली आणि तिच्या शंखात हे किडे कोंबून भरल्यासारखे दिसले. झोअँथिडचा एक पुंजकाही काही दिवसांपासून नीट उघडत नाही.

गोगलगाय या किड्यांनीच मारली असावी का, झोअँथिड मिटून राहण्याशी त्यांचा काही संबंध आहे का, आणि टाकी मोडून न टाकता त्यांचा बंदोबस्त कसा करता येईल, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दगडफूल :

काढावेत की ठेवावेत हे ठरवण्याआधी टाकीत नेमके कोण आहे, हे पाहावे लागेल, कारण आपण ज्यांना सरसकट ब्रिसलवर्म म्हणतो ते सगळे पॉलिकीटा या गटातले आहेत आणि या गटात १०,००० हून अधिक जातींची नोंद आहे. गांडूळ आणि जळू ज्या ॲनेलिडा संघात येतात त्याच संघातला हा गट असून, दगडावर पिसाऱ्यासारखे उघडणारे फेदर डस्टर आणि वाळूवर लांबलचक दोरे पसरून कण वेचणारे स्पॅगेटी वर्मही याच कुळाचे. त्यांना आपण हौसेने पाळतो आणि त्यांच्या भावंडांना मात्र चिमटा घेऊन शोधत फिरतो, ही जरा गंमतच आहे.

तुमच्या वर्णनातले बोटाएवढे, कडांना पांढरे झुबके असलेले किडे बहुधा युरिथोई कॉम्प्लनाटा किंवा त्याच्या जवळपासच्या जातीचे असावेत. घरगुती टाक्यांत सर्वाधिक आढळणारा ब्रिसलवर्म हाच. तो मुख्यतः मेलेले प्राणी, माशांचे उरलेले खाणे आणि साचलेला गाळ खातो. त्याला निरोगी प्रवाळाशी काही देणेघेणे नसते.

तुम्हाला वगळायचे आहेत ते तीन प्रकार वेगळे आहेत. पहिला हर्मोडिसे कॅरुनक्युलाटा, म्हणजे दाढीवाला फायरवर्म. तो अटलांटिक महासागराच्या उष्ण भागात, कॅरिबियनमध्ये आणि भूमध्य समुद्रात राहतो, जिवंत प्रवाळ, गॉर्गोनियन आणि ॲनिमोन खातो. त्याची शरीरयष्टी जाड, काहीशी चौकोनी असते, पांढऱ्या काट्यांच्या झुबक्यांलगत लालसर कल्ले दिसतात आणि डोक्यावर नारिंगी रंगाचा घड्या पडलेला मांसल उंचवटा असतो. डिवचले की सगळे काटे एकदम फुलवतो. प्रवाळाच्या फांदीचे टोक तोंडात घेऊन त्यावरचे मांस ओरबाडून काढण्याची त्याची पद्धत आहे, त्यामुळे त्याने खाल्लेल्या फांदीचे टोक स्वच्छ पांढरे दिसते. टाकीत तो क्वचितच येतो. तरीही प्रत्येक गुलाबी किड्याला फायरवर्म ठरवून घाबरणारे लोक पुष्कळ आहेत.

दुसरा प्रकार युनिसे गटातल्या किड्यांचा. त्यांच्या कडांना ठळक झुबके दिसत नाहीत, अंगावर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी चमक असते आणि डोक्यावर पाच स्पर्शिका असतात. त्यांना मजबूत जबडे असतात आणि उजेड पडताच बिळात परत जाण्याचा त्यांचा वेग पाहणाऱ्याला दचकवतो. याच गटातला युनिसे ॲफ्रोडिटॉइस म्हणजे बॉबिट वर्म, आणि त्याची लांबी ३ मीटरपर्यंत जाऊ शकते. २००९ मध्ये इंग्लंडमधील न्यूक्वे येथील सार्वजनिक मत्स्यालयात प्रवाळ तुटू लागले आणि मासे जखमी होऊ लागले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी सगळी मांडणी उलगडली आणि शेवटी सुमारे ४ फूट लांबीचा असाच एक किडा हाती लागला. तुम्हाला दिसलेली लांब आकृती या जातकुळीची असू शकते.

तिसरा प्रकार ओएनोने फुल्जिडा. तो नारिंगी, गुळगुळीत, दोऱ्यासारखा दिसतो, त्याचे काटे नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसतच नाहीत. गोगलगाय किंवा शिंपला गाठून त्यावर चिकट बुळबुळीत द्रवाचे आच्छादन घालायचे आणि आतला जीव खायचा, हा त्याचा उद्योग. गोगलगायी एकामागून एक मरत असतील आणि शंखावर असा चिकट पडदा दिसत असेल, तर संशय याच्यावर घ्यावा.

मेलेल्या गोगलगायीच्या शंखात गुलाबी किडे सापडणे हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा मानता येत नाही. मेलेल्याची विल्हेवाट लावणे हेच त्यांचे काम असल्याने ते तिथे असणारच. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार या छंदात रोज घडतो. गोगलगाय मरण्याची नेहमीची कारणे आधी तपासा: ती उलटी पडून तशीच राहिली होती का, काचेवरचे शेवाळ संपल्याने उपासमार होत होती का, पाणी बदलताना क्षारतेत अचानक फरक पडला होता का.

दोन-चार रात्री लाल प्रकाशात निरीक्षण करा. या किड्यांना लाल रंग फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते बिथरत नाहीत. टॉर्चवर लाल पारदर्शक कागद बांधला तरी पुरतो.

साशंक :

इतक्या बारकाईने जात ओळखण्याची खटपट कशासाठी, हे मला कळत नाही. जो किडा हाताला टोचतो, रात्री झुंडीने बाहेर पडतो आणि तोडला तरी मरत नाही, तो टाकीत का ठेवावा? जनावरांच्या जंतांवर फेनबेंडाझोल नावाचे औषध मिळते, ते टाकीत घातले की पॉलिकीटा मरतात असे अनेकांनी नोंदवले आहे. तेही नको असेल तर दगड बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकावेत आणि नव्याने सुरुवात करावी. अर्धवट उपाय करत राहण्यापेक्षा एकदाच मुळावर घाव घातलेला बरा.

शंखशिंपले :

साशंक यांचा वैताग समजू शकतो. परंतु दगड उकळण्याचा सल्ला कोणीही अमलात आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या दगडावर झोअँथिड किंवा त्यांचेच भाऊबंद पॅलिथोआ आहेत, तो उकळला की वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हवेत जाऊ शकते. हे विष १९७१ मध्ये हवाईतील शास्त्रज्ञांनी पॅलिथोआपासून वेगळे केले आणि सागरी जीवांपासून मिळालेल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. असे दगड उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने घासल्यामुळे घरातील सगळ्या माणसांना आणि पाळीव जनावरांना श्वासाचा त्रास, ताप आणि अशक्तपणा येऊन रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. खारेवारे यांच्या टाकीत झोअँथिड भरपूर आहेत, म्हणून हे आधीच सांगितले. शिवाय सच्छिद्र दगडात अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटण्याचीही शक्यता असते.

आता औषधाबद्दल. फेनबेंडाझोल फक्त गुलाबी किडे शोधून मारत नाही. फेदर डस्टर, अनेक गोगलगायी आणि काही मऊ प्रवाळही त्याला बळी पडतात, आणि ते दगडात मुरल्यामुळे पुढे आणलेल्या जिवांनाही त्याचा त्रास होऊ शकतो. तांब्याची औषधे तर अपृष्ठवंशी प्राण्यांच्या टाकीत कधीच घालू नयेत. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

त्याहून गंभीर मुद्दा मृत किड्यांचा आहे. दिसतात त्याच्या कितीतरी पट किडे दगडांच्या आत असतात. ते सगळे एकाच रात्रीत मेले तर त्यांचे कुजणारे मांस आपण बाहेर काढू शकत नाही, कारण ते हात पोहोचणार नाही अशा पोकळ्यांत असते. अमोनिया झपाट्याने वाढतो, आणि समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च्या दरम्यान असल्यामुळे त्यातला विषारी, अनायनीकृत अमोनियाचा वाटा गोड्या पाण्याच्या तुलनेत जास्त राहतो. त्यातच कुजण्याच्या क्रियेत प्राणवायू खर्च होतो. म्हणजे किडे मेले, पण मासेही गेले. रोगापेक्षा इलाज भयंकर, अशी अवस्था होते.

खारेवारे :

सर्वांचे आभार. लाल कागद लावून पाहिले आणि चित्र बरेच स्पष्ट झाले. बहुतेक किडे दगडफूल यांनी सांगितल्याप्रमाणेच आहेत. त्यांच्यापैकी एकाला बराच वेळ पाहत बसलो. त्याने मागचा अर्धा भाग भेगेतच ठेवला होता आणि पुढचा भाग वाळूवर आडवा पसरून तो डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत होता; एका गोळी खाण्याच्या कणापर्यंत पोहोचताच त्याने घसा बाहेर काढल्यासारखे करून तो कण गिळला आणि मग सगळे शरीर आखडत संथपणे मागे गेला. त्याच्या शेजारीच झोअँथिडचा पुंजका होता, पण त्याच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

लांब किडा मात्र वेगळा निघाला. तो मागच्या मोठ्या दगडाच्या एका गोल छिद्रातून येतो, अंगावर जांभळट-हिरवी चमक आहे, डोक्यावरच्या स्पर्शिका मला पाचच मोजता आल्या, आणि कडांना पांढरे झुबके दिसले नाहीत. टाकीवर बोटाने हलकेच टकटक केली तरी तो दिसेनासा होतो.

खाण्याविषयी आधी लिहायचे राहिले. माशांना दिवसातून दोनदा गोळी खाणे असते, एक दिवसाआड गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) त्याच्या वितळलेल्या पाण्यासकट घातले जाते आणि रात्री प्रवाळांसाठी भुकटी टाकली जाते.

दगडफूल :

शेवटचा परिच्छेद वाचून उत्तर जवळजवळ मिळाले. युरिथोईची संख्या शिकाऱ्याने, सापळ्याने किंवा चिमट्याने जेवढी ठरते, त्याहून कितीतरी अधिक ती टाकीत पडणाऱ्या उरल्यासुरल्या अन्नाने ठरते. या किड्याची अलैंगिक प्रजननाची रीतच शरीराचे तुकडे करण्याची आहे: शरीर स्वतःहून काही भागांत तुटते आणि प्रत्येक भाग पुढे नवे डोके किंवा नवी शेपटी वाढवून पूर्ण किडा होतो. चिमट्याने तोडलेला भेगेतला अर्धा भाग मेला असे समजून आपण समाधान मानतो, प्रत्यक्षात तो पुन्हा वाढण्याच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे ओढून काढण्याचा कार्यक्रम कितीही चालवला तरी, अन्न तेवढेच पडत राहिले तर संख्या पुन्हा तिथेच येते.

हे किडे तुम्ही घालत असलेल्या जादा अन्नावर जगत आहेत, आणि उद्या ते सगळे नाहीसे झाले तरी ते अन्न नाहीसे होणार नाही. ते कुजेल, नायट्रेट आणि फॉस्फेट वाढेल, काचेवर शेवाळ येईल आणि सायनोबॅक्टेरियाचा लाल थर वाळूवर पसरेल. किडे हे काम फुकटात, शिवाय आपला हात जिथे पोहोचत नाही अशा भेगांत करत आहेत.

म्हणून माशांचे पोट न मारता वाया जाणारा भाग कमी करा. गोठवलेले मायसिस आधी एका गाळणीत वितळू द्या आणि ते पाणी फेकून द्या, कारण त्यात विरघळलेली प्रथिने आणि फॉस्फेट असते, आणि मासे ते पीत नाहीत. गोळ्या चिमूटभर एकदम टाकण्याऐवजी थोड्या थोड्या टाका आणि खाली पडू लागल्या की थांबा. रात्रीच्या भुकटीबद्दल मी जरा स्पष्ट बोलतो: तुमचे मऊ प्रवाळ आणि झोअँथिड मुख्यतः प्रकाशावर जगतात, त्यांच्या पेशींमधली सहजीवी शैवाले त्यांना अन्न पुरवतात. भुकटी त्यांना आठवड्यातून एकदा मिळाली तरी काही बिघडणार नाही. आज ती बहुतांशी किड्यांच्याच पोटात जाते, आणि तीही नेमकी त्यांच्या बाहेर पडण्याच्या वेळी.

पाणी बदलण्याआधी मोठ्या ड्रॉपरने किंवा छोट्या पंपाने दगडांच्या भेगांवर झोत मारा. मागच्या दगडाखालून केवढा गाळ उडतो ते पाहून थक्क व्हाल. गाळ उडाला की लगेच सायफनने ओढून घ्या. फिल्टर सॉक्स (पाणी गाळणाऱ्या पिशव्या) वेळेवर धुवा, स्किमरचा कप स्वच्छ ठेवा.

याचा परिणाम एका रात्रीत दिसणार नाही. उपाशी किडे आधी आकाराने लहान होतात, मग हळूहळू संख्या घटते. महिना-दोन महिने धीर धरावा लागेल. टाकीत सदैव काही किडे राहतीलच, आणि ते राहावेत.

झोअँथिड मिटण्याचे कारण वेगळे शोधा. त्यांच्यावर चढणारे अगदी बारीक न्यूडिब्रँक (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी), त्यांच्या पॉलिपवर बसणारे सनडायल गोगलगायीचे पिल्लू, किंवा क्षारक्षमतेतला (अल्कलिनिटीतला) अचानक बदल, यांपैकी काहीतरी सापडेल असे मला वाटते.

राहता राहिला चमकदार, पाच स्पर्शिकांचा पाहुणा. तो युनिसे असल्याची शक्यता मोठी आहे. प्रत्येक युनिसे माशांवर झडप घालतोच असे नाही, काही जाती शेवाळ आणि गाळावरही जगतात, पण लांबी वाढत जाणारा आणि जबडे असलेला किडा प्रवाळांच्या टाकीत ठेवावा असे मी सुचवणार नाही. याला बाहेर काढा.

भरतीओहोटी :

काढण्याच्या पद्धती इतर सदस्य सांगतीलच. हात घालण्याआधीच्या काळजीबद्दल लिहितो, कारण साशंक यांनी टोचण्याचा उल्लेख केला आणि पुढे कोणी त्याकडे लक्ष दिले नाही.

या किड्यांचे काटे कॅल्शियम कार्बोनेटचे, काचेच्या तंतूंसारखे बारीक आणि ठिसूळ असतात. हात लागताच ते त्वचेत घुसतात आणि तिथेच मोडतात. युरिथोई कॉम्प्लनाटापासून कॉम्प्लेनिन नावाचे दाह निर्माण करणारे द्रव्य वेगळे करण्यात आले आहे, त्यामुळे नुसते टोचल्याचे दुखणे आणि नंतरची आग व सूज या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

टोचले तर जागा चोळू नका, कारण चोळल्याने काटे खोल जातात. रुंद चिकटपट्टी हळूच दाबून उचला आणि हे काही वेळा करा. उरलेल्या बारीक काट्यांसाठी तो भाग साध्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवा, आम्लामुळे कॅल्शियम कार्बोनेट विरघळू लागते. नंतर साबणाने धुवा. सूज पसरू लागली, अंगावर पित्त उठले किंवा श्वास जड झाला तर घरगुती उपाय थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे जा. काटे डोळ्याला लागले तर वाट पाहू नका.

आणखी एक गोष्ट या छंदातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू असू शकतो आणि बोटावरच्या जखमेतून तो शरीरात गेला तर आठवड्यांनी न भरणारी गाठ उमटते. नेहमीच्या प्रतिजैविकांना ती दाद देत नाही. अशी गाठ दाखवायला गेलात तर आपल्या घरी मत्स्यालय आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, नाहीतर निदानास बराच उशीर होतो.

जाड रबरी हातमोजे हा सगळ्यात सोपा उपाय. पातळ वैद्यकीय हातमोज्यांतून काटे आरपार जातात.

शंखशिंपले :

आता सापळ्याकडे येतो. युरिथोईची संख्या तात्पुरती कमी करायची असेल तर सापळा पुरेसा आहे, पण तो खाण्यातल्या काटकसरीला पूरक म्हणून वापरावा, तिच्या ऐवजी नव्हे.

पारदर्शक, एका बाजूने बंद असलेली नळी घ्यावी. उघड्या तोंडावर बसेल असे झाकण घेऊन त्याला फक्त किड्याच्या जाडीएवढे छिद्र पाडावे, म्हणजे गोगलगायी आणि हर्मिट क्रॅब आत शिरणार नाहीत. आत कोळंबीचा किंवा माशाचा छोटा तुकडा ठेवून नळी पाण्याने भरावी, बुडबुडे निघाल्याची खात्री करावी आणि दिवे बंद होण्याच्या सुमारास दगडाच्या पायथ्याशी वाळूवर आडवी ठेवावी. छिद्र वाळूच्या पातळीला येईल एवढी नळी किंचित रुतवावी, कारण हे किडे काठावर चढण्यापेक्षा तळाशी सरपटणे पसंत करतात. पहाटे, दिवे लागण्याआधी, नळी तोंड वर करून बाहेर काढावी.

दुसरा मार्ग म्हणजे नायलॉनच्या पातळ मोज्याच्या तुकड्यात आमिष बांधून तो रात्री तळाशी ठेवणे. त्यावर चढलेल्या किड्यांचे काटे जाळीत अडकतात आणि सगळा पुंजका एकदम उचलता येतो. मोजा मात्र टाकून द्यावा, धुऊन पुन्हा वापरू नये, त्यात मोडलेले काटे राहतात. आमिष पहाटेनंतर टाकीत विसरून राहू देऊ नका, आपण ज्या कुजण्याबद्दल इतके बोललो तेच ओढवेल.

युनिसेसाठी सापळा बहुधा उपयोगी पडणार नाही. तो शेपटीकडचा भाग बिळात घट्ट रोवून ठेवतो आणि पूर्ण बाहेर क्वचितच येतो. तो कोणत्या छिद्रातून येतो हे तुम्हाला ठाऊक आहे, हे तुमचे अर्धे काम झाले. दिवसा, तो आत असताना, तेवढा एक दगड उचलून टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा. बाकीच्या दगडांना हात लावू नका. त्या दगडावर प्रवाळ असतील तर आधी ते सोडवून दुसरीकडे चिकटवा. झोअँथिड असतील तर हातमोजे आणि चष्मा घालूनच. मग दगड दुसऱ्या बादलीत, विशिष्ट गुरुत्व १.०३५ ते १.०४० असलेल्या अधिक खारट पाण्यात काही मिनिटे ठेवा. तापमान टाकीइतकेच हवे. असह्य झाल्याने दगडातले किडे, खेकडे आणि असल्यास मँटिस श्रिंप बाहेर येतात. युनिसे डोके बाहेर काढू लागला तरी त्याला ओढू नका, तुटेल. पूर्ण बाहेर येऊ द्या.

तेवढ्यानेही आला नाही, तर तो दगड टाकीत परत न ठेवता वेगळ्या बादलीत, पंप आणि हीटर लावून, उपाशी ठेवावा आणि रात्री आमिष दाखवून पाहावे. एका दगडासाठी सगळी टाकी वेठीला धरू नये.

साशंक :

औषधाचा आग्रह मागे घेतो, पॅलिटॉक्सिनची माहिती मला नव्याने मिळाली. परंतु नैसर्गिक शिकाऱ्यांचे काय? ॲरो क्रॅब किंवा कोरल बँडेड श्रिंप आणला की हे सगळे उद्योग करावे लागणार नाहीत, असे वारंवार वाचनात येते.

दगडफूल :

येते खरे, आणि त्यात तथ्यही आहे. ॲरो क्रॅब आपल्या लांब चिमट्यांनी भेगांतले किडे ओढून खातो, कोरल बँडेड श्रिंपही खातो. सिक्सलाइन रासे, मेलानुरस रासे आणि ऑर्किड डॉटीबॅक हे मासे लहान किड्यांवर नजर ठेवून असतात. मात्र बोटाएवढा, काट्यांनी भरलेला पूर्ण वाढीचा किडा यांपैकी फार थोडे खातात. त्यांचा प्रभाव पिल्लांवर पडतो.

अडचण पुढे येते. सिक्सलाइन रासे वयाने वाढला की अनेकदा टाकीचा दादा बनतो आणि शांत माशांना, विशेषतः नंतर आणलेल्यांना, जगू देत नाही. ॲरो क्रॅब फेदर डस्टर खातो आणि प्रसंगी झोपलेल्या लहान माशावरही हात टाकतो. तुमच्या टाकीत तळाशी बसणारा गोबी आहे, तिथे मला तो नको वाटतो. कोरल बँडेड श्रिंप आपल्या जातीची जोडी सोडून इतर शोभेच्या कोळंब्यांना सहन करत नाही. माझे मत असे की, मासा तुम्हाला मासा म्हणून हवा असेल आणि टाकीत त्याला जागा असेल तर आणावा. केवळ किडे खाणारे हत्यार म्हणून जिवंत प्राणी आणू नये. अन्न कमी झाल्यावर किडे कमी झाले की तो प्राणी काय खाणार, हा प्रश्न विकत घेताना कोणी विचारत नाही.

मेलानुरस रासेचा अपवाद करावासा वाटतो, तो तुलनेने समंजस असतो, पण त्याला रात्री वाळूत शिरून झोपायला काही इंच खोल वाळू लागते. तुमचा थर पातळ आहे, त्यामुळे तोही बाद.

खारेवारे :

युनिसे निघाला. शंखशिंपले यांनी सांगितल्याप्रमाणे तेवढाच दगड बाहेर काढला, जास्त खारट पाण्यात तो अर्धवट बाहेर आला आणि बराच वेळ तसाच थांबला. शेवटी स्वतःहून पूर्ण बाहेर पडला. सरळ केल्यावर माझ्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरला. जबडे काळे आणि बाहेरून स्पष्ट दिसण्याइतके मोठे होते. दगड स्वच्छ करून परत ठेवला आहे.

खाण्याची पद्धतही बदलली आहे. झोअँथिडच्या पुंजक्याखाली दगडफूल यांनी म्हटल्याप्रमाणे सनडायल गोगलगायीची दोन पिल्ले मिळाली, ती चिमट्याने काढल्यावर पॉलिप पुन्हा उघडू लागले आहेत.

एक नवी शंका आहे. काल रात्री बरेच गुलाबी किडे दगडांच्या माथ्यावर चढले, शरीराचा पुढचा भाग पाण्यात उंच धरून डोलू लागले आणि थोड्याच वेळात सगळे पाणी दुधाळ झाले. हे मरत आहेत की काय, अशी भीती वाटली. सकाळी मासे ठीक होते, पण पाण्यावर फेस दिसत होता आणि स्किमरचा कप भरून वाहिला होता.

भरतीओहोटी :

मरत नाहीत, त्यांनी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले आहेत. पॉलिकीटांमध्ये अनेक नर-माद्या एकाच रात्री असे एकत्र बाहेर पडतात. बहुतेक अंडी प्रवाळ, मासे आणि फिल्टर यांच्या तोंडी जातात, त्यामुळे या एका रात्रीमुळे किड्यांची संख्या अचानक भरमसाट वाढेल असे समजू नका.

धोका एवढाच की पाण्यातली सेंद्रिय द्रव्ये एकदम वाढतात आणि प्राणवायू घटू शकतो. स्किमरची पातळी थोडी खाली करून तो चालूच ठेवा, कप रिकामा करत राहा, पंपाचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवा म्हणजे हवा मिसळेल, आणि ताजा सक्रिय कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) टाका. अमोनिया मोजा, शून्याहून जास्त आला तर साधारण एक चतुर्थांश पाणी बदला. आज माशांना खाणे देऊ नका, काल रात्री त्यांनी पोटभर खाल्ले आहे.

नवा दगड किंवा प्रवाळाचा प्लग (प्रवाळाचा तुकडा चिकटवलेली छोटी चकती) यापुढे आणलात तर तो आधी वेगळ्या बादलीत, पंप आणि मंद प्रकाश देऊन काही आठवडे ठेवा आणि रात्री लाल टॉर्चने तपासा. प्लगच्या खालच्या बाजूच्या छिद्रांत बघायला विसरू नका. ओएनोने आणि युनिसेची पिल्ले तिथेच लपलेली असतात, आणि त्या वयात ती चिमट्याने सहज, न तुटता निघतात.